ऑनलाइन कोर्स विकून खरंच पैसे सुटतात का?

"मॅडम, हे धंदे खरंच चालतात, की आम्हालाच जमत नाही?" ब्लाउज शिवणकामाचे क्लास घेणाऱ्या एका ताई नवऱ्यासह माझ्याकडे सल्ला मागायला आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). 'कोर्स विकायचा कसा' हे शिकवणाऱ्या कोर्सलाच त्यांनी 15,000 रुपये मोजले होते. घरात धुसफूस त्यावरूनच. असे कोर्स विकणाऱ्यांची कमाई बहुतेकदा शिकणाऱ्यांच्या फीतूनच होते, हे माझं स्पष्ट मत आहे.

मी वही मागितली. कटोरी ब्लाउजच्या कटिंगचा व्हिडिओ कोर्स, किंमत 499. दोन महिन्यांत 60 विकले, म्हणजे 29,940 रुपये आले. पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या सेवेचे, साधारण 700 गेले, जाहिरातीचे 21,000. हातात आठ हजारांच्या आसपास. "म्हणजे फायदाच की," नवरा म्हणाला.

मग विचारलं, यातल्या जुन्या विद्यार्थिनी किती? व्हॉट्सॲपवरच्या 22. त्यांच्यासाठी जाहिरातीचा एक रुपयाही लागला नव्हता. उरलेल्या 38 गिऱ्हाइकांकडून 18,962 आले आणि त्यांना आणायला 21,000 गेले. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे पन्नासहून जास्त रुपयांचा खड्डा! ताई कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

जाहिरात बंद केली. त्या 22 जणी मेसेजमध्ये काय विचारतात ते चाळलं, तर निम्म्या तक्रारी एकच: मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतो तिथे, चुण्या पडतात. मग फक्त मुंढा आणि बाहीचा छोटा कोर्स 199 ला काढला आणि रविवारी थेट शंका सोडवायची बॅच 999 ला. पॅटर्नची पीडीएफ एका ग्रुपवर फुकट फिरली तेव्हा ताई भडकल्या, पण समोर बसून माप दुरुस्त करून देणं कुणाला फॉरवर्ड करता येतं?

आता महिन्याला आठ-दहा हजार सुटतात. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या बरीच आत, त्यामुळे जीएसटी नोंदणीची कटकट नाही. मात्र संध्याकाळ मेसेजना उत्तरं देण्यात जाते. 'झोपेत कमाई' यातली काही नव्हे.

परवा नवऱ्याने विचारलं, "मी नोकरी सोडून यात उतरू का?" मी नको म्हटलं. आधी वर्षभराची वही भरू द्या आणि त्यात ताईंच्या संध्याकाळचेही पैसे धरा.