शैक्षणिक मानसशास्त्राचा शिक्षकाला वर्गात खरंच काही उपयोग होतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "आमच्याकडचे जुने शिक्षक म्हणतात की हा विषय परीक्षेपुरता पाठ करायचा, वर्गात फक्त अनुभव कामाला येतो." ही ओळ नसती तर मी पुढे गेले असते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हेच वाक्य मला ऐकवलं गेलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

उपयोग होतो. मात्र पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात छापलेला तो नव्हे. व्याख्या, व्याप्ती, महत्त्व हे सगळं पेपर झाल्यावर विसरलात तरी कुठल्याही मुलाचं नुकसान होणार नाही.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. बोलायला चुणचुणीत, गोष्ट सांगायला लागला की थांबायचा नाही. वजाबाकी मात्र कायम चूक. मी दर वेळी लाल शाईने "लक्ष देऊन सोडव" असा शेरा मारायचे. शेजारच्या वर्गावर एक ज्येष्ठ सर होते. सगळी शाळा त्यांना मानायची. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वेंधळा आहे. पन्नास गणितं घाला रोज, आठवड्यात वळणावर येईल." घातली. पन्नासपैकी 19 बरोबर, 31 चूक. दुसऱ्या दिवशीही साधारण तेवढीच. आठवड्याच्या शेवटी सुधारणा शून्य, पण चूक लिहिण्याचा वेग मात्र चांगलाच वाढला होता.

रविवारी ती वही घेऊन बसले. 52 − 37 = 25. 81 − 46 = 45. 70 − 28 = 58. आणि 64 − 23 = 41, हे बरोबर. 98 − 35 = 63, हेही बरोबर. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला. तो प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, वर कुठला आणि खाली कुठला हे न बघता. जिथे उसना घ्यायची वेळ येत नव्हती तिथे उत्तर आपोआप बरोबर येत होतं. वेंधळेपणाचा इथे प्रश्नच नव्हता. वेंधळं मूल एवढं शिस्तीत चुकत नाही.

सोमवारी त्याला पाच नवी गणितं दिली. तो सोडवायच्या आधी, तो काय उत्तरं लिहील ती मी एका चिठ्ठीवर लिहून ठेवली. पाचच्या पाच जुळली. मग त्याला जवळ बसवून विचारलं, "52 मधून 37 काढताना तू काय करतोस ते मला मोठ्याने सांग." तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच." मी म्हटलं, "अरे, पण दोन वर आहेत ना?" त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच काहीतरी विसरले आहे. "बाई, लहानातून मोठा जात नाही. तुम्हीच सांगितलंत."

खरंच मीच सांगितलं होतं. एकअंकी वजाबाकी शिकवताना, फळ्यावर लिहून, सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. त्या दिवसापुरतं ते सोयीचं वाक्य होतं. पोराने ते जन्मभरासाठी घेतलं आणि इमानेइतबारे पाळलं.

ती चिठ्ठी घेऊन मी मधल्या सुट्टीत सरांकडे गेले, एखादा शोध लावल्यासारखी. त्यांनी बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे उत्तरं चुकीचीच आहेत ना?" सगळे हसले. मग ते तुमच्या प्रश्नातलं वाक्य आलं, की मानसशास्त्र परीक्षेपुरतं असतं.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते आज सांगते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघा संशोधकांनी 1978 मध्ये नेमक्या अशाच चुकांवर काम प्रसिद्ध केलं. वजाबाकीत मुलं कोणकोणत्या ठरावीक पद्धतींनी चुकतात याची त्यांनी यादी केली आणि "बगी" नावाचा संगणक प्रोग्राम बनवला. तो मुद्दाम मुलासारखं चुकायचा आणि शिकाऊ शिक्षकांनी त्याची चूक कुठल्या नियमाने होते ते ओळखायचं. माझा रविवार वाचला असता. त्याच्याही कितीतरी आधी, 1920 च्या सुमारास, स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. कोणाची किती उत्तरं बरोबर यापेक्षा ठरावीक वयाची मुलं एकसारखीच चूक का करतात, यात त्यांना जास्त रस वाटू लागला. पुढचं सगळं पियाजे-प्रकरण, ज्यातल्या मुलांच्या विचारांच्या वाढीच्या चार अवस्था तुम्ही आत्ता घोकत असाल, तिथून सुरू झालं. अवस्थांच्या वयोमर्यादा पाठ करून पोरं समजत नाहीत. "ह्याने हे उत्तर कुठून आणलं?" ही सवय लागली तर समजतात. सरांना तीस वर्षांचा अनुभव होता आणि त्या तीस वर्षांत त्यांनी चुका फक्त मोजल्या, असं माझं मत आहे. आजही तेच आहे.

त्या मुलाचं पुढे काय झालं हेही सांगते, कारण पुस्तकातल्या उदाहरणांत मूल दुसऱ्याच परिच्छेदात सुधारतं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले. 52 म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. यातून सात सुट्या दे म्हटल्यावर तो अडला, मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी तो जिथे तिथे गठ्ठे सोडायला लागला. 64 − 23 = 311! पाचातून दोन गेले तीन, चौदातून तीन गेले अकरा. मी विचारलं, "64 काड्यांतून काही काढल्या आणि 311 उरल्या?" यावर तो इतका हसला की ती चूक तिथेच संपली. पण सुट्टीनंतर शाळा भरली आणि वहीत पुन्हा 52 − 37 = 25.

इथे रडायची वेळ आली होती. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर पुसलं जातं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. हे मला परीक्षेत दहा गुणांना आलं होतं, मी उत्तरही लिहिलं होतं, आणि वर्गात मात्र पन्नास गणितं एका दिवसात घालत होते. मग पद्धत बदलली. दर दोन-तीन दिवसांनी फक्त चार गणितं, दोन उसन्याची, दोन बिनउसन्याची, मिसळून, वही बंद ठेवून, गुण न देता. वही बंद ठेवण्यामागचं कारण पुढे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात सापडलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे होते ते न बघता आठवून लिहिणारे. वाचून "येतंय" असं वाटणं फसवं असतं. मुलांना फसवतं तसं आपल्यालाही.

तर तुम्हाला सल्ला हाच. जुन्या शिक्षकांशी वाद घालू नका, एका मुलाची वही घरी न्या. तो पुढच्या गणितात काय चुकेल हे आधी लिहून ठेवा. जुळलं तर त्याच्या डोक्यातला नियम तुम्हाला सापडला. आणि चिठ्ठी स्टाफरूममध्ये दाखवायला जाऊ नका, हे अनुभवाने सांगते.

थोडं माझ्याविरुद्धही लिहायला हवं. चुकीमागचा नियम सापडल्याच्या आनंदात मी इतकी हवेत गेले की एका प्रशिक्षणातून येऊन वर्गाचे तीन गट केले, बघून शिकणारे, ऐकून शिकणारे आणि करून शिकणारे, रंगीत बिल्ल्यांसकट. वर्षभर चाललं. 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या "शैली"प्रमाणे शिकवल्याने जास्त शिकणं होतं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. बिल्ले कपाटात गेले. म्हणजे मानसशास्त्राच्या नावावर जे जे येतं ते सगळं घेऊ नका.

प्रत्येक चुकीमागे नियम असतोच असंही नाही. काही चुका आज एक, उद्या दुसरी अशा असतात. काही मुलांची अंकांशी असलेली अडचण वर्गशिक्षकाच्या आवाक्याबाहेरची असते, तिथे तज्ज्ञच लागतो. मोठ्या वर्गात प्रत्येकाशेजारी बसता येत नाही, मी दिवसाला एकच मूल गाठते. आणि सरांची मुलं बेरजा-वजाबाक्या तोंडावर सांगायची, हे मान्य करावं लागेल. चौदातून सात गेले किती हे बोटं न मोडता आलं की गठ्ठ्याकडे लक्ष द्यायला डोक्यात जागा उरते. तेवढ्यापुरती त्यांची घोकंपट्टी बरोबर होती.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात बोलायची पाळी माझ्यावर आली. मी त्यांच्या फळ्यावरच्या अक्षराचं मनापासून कौतुक केलं. वजाबाकीचा विषय काढला नाही. तो आज इथे काढला.