आधी तिरकं, मग गोल

अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोल टोकांच्या इंग्रजी फाँटचे नमुने प्रिंट काढून पाहिले. सरळ अक्षरं छान जमलीत. तिरक्यांत मात्र पहिल्या 'ओ'लाच संशय आला आणि 'एल'चं टोक भिंगाखाली धरल्यावर खात्री पटली. सरळ अक्षरं निवडून सॉफ्टवेअरमध्ये पंधरा अंश उजवीकडे कलती ढकलून दिलीस ना?

ढकललं की टोकाचं अर्धवर्तुळ एका अंगाला दबलेल्या लिंबासारखं होतं. 'ओ' वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड होतो, उरलेल्या दोन अंगांना बारीक. उभी रेघही साडेतीन टक्क्यांच्या आसपास बारीक होते. चौकोनी टोकाच्या फाँटमध्ये यातलं बरंच खपतं. गोल टोकाच्या फाँटची सगळी मिजास एकसारख्या जाडीवर, तिथे लगेच उघडं पडतं.

मी हे ड्रॉइंग ऑफिसात शिकलो, फाँट हा शब्द कानावर पडण्याआधी. ड्राफ्टरच्या (म्हणजे ड्रॉइंग बोर्डावरच्या यंत्राच्या) पट्टीला टेकवलेलं स्टेन्सिल, खाली ट्रेसिंग पेपर, हातात नळीच्या निबाचा पेन. आयएसओ ३०९८ या ड्रॉइंगवरच्या अक्षरांच्या आंतरराष्ट्रीय मानकातलं तिरकं अक्षर आडव्या रेषेशी ७५ अंशांत, म्हणजे तुझ्यासारखंच पंधरा अंश कललेलं असतं. त्यातल्या 'बी' प्रकारात रेघ उंचीच्या दहाव्या हिश्शाची: ३.५ मिमीच्या अक्षराला ०.३५ चा पेन, ५ मिमीला ०.५ चा. ए२ कागदावरचं ड्रॉइंग निम्म्या आकाराच्या ए३ वर उतरवलं की ५ चं अक्षर ३.५ चं होतं आणि पुन्हा मानकात बसतं. (ही हुशारी मला फार उशिरा कळली. तोवर निब बदलायचा कंटाळा करून सगळं एकाच पेनानं उरकायचो आणि बोलणी खायचो.)

स्टेन्सिलची खाच तिरकी होती, पण पेन उभाच धरायचा आणि निब गोल. म्हणून अक्षर कितीही कललं तरी टोक अस्सल अर्धवर्तुळच उमटायचं. तूही तेच कर. आधी फक्त मधल्या रेषेचा सांगाडा तिरका कर, मग त्याला जाडी आणि गोल टोकं दे. पुढचं काम डोळ्याचं. 'एन'मध्ये कमान खांबाला मिळते तिथे काळा गोळा होतो, तिथली रेघ बारीक कर. गोल टोकामुळे रेघ आखूड भासते, म्हणून ती किंचित लांबव.

वापराचं म्हणशील तर बटणं, डायलवरचे आकडे, खाऊची पाकिटं, एखादी ओळ. सबंध पान या अक्षरात लावू नकोस, डोळा दमतो. ॲपलच्या कीबोर्डवर आधी युनिव्हर्स हा फाँट होता, तिरका; नंतर फोक्सवॅगनसाठी १९७९ साली आलेला गोल टोकांचा व्हॅग राउंडेड, तो मात्र सरळ. एक कळ म्हणजे एकच अक्षर, तिथे दोन्ही शोभले.

आणि देवनागरीला हे ढकलणं लावू नकोस. शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे कलंडतात, वाऱ्यात दोरीवरचे कपडे उडावेत तसे. मराठीत जोर द्यायला ठळक अक्षर आहेच.

नवे 'एल', 'ओ' आणि 'एन' एवढेच पाठव. पीडीएफ नको, १२ पॉइंटात आणि पंजाएवढे मोठे, दोन्ही कागदावर काढून.