वाचकांचे प्रश्न : कोकण तुटून समुद्रात जाणार का?

प्रश्न : आम्ही अलोऱ्याला राहतो (ता. चिपळूण). कोयनेचा धक्का बसून भांडी वाजली की गावात तीच चर्चा, घाटाखाली मोठा फॉल्ट आहे, एक दिवस कोकण तुटून समुद्रात जाणार. व्हॉट्सअ‍ॅपवर पण तेच फिरतं. खरंय का हे? यंदा चिऱ्याचं घर बांधायला काढलंय म्हणून जास्तच धास्ती वाटते.
– एक वाचक

उत्तर : फॉल्ट, म्हणजे जमिनीखालच्या खडकातली सरकणारी भेग, खराच आहे, पण त्याने कोकण तुटून जाणार नाही, कारण तो सरकतोच वेगळ्या तऱ्हेने. याला स्ट्राइक-स्लिप फॉल्ट म्हणतात, यात जमिनीचा तुकडा खाली खचत नाही की दोन बाजू फाकत नाहीत, जेटीला चिकटून लागलेल्या दोन होड्यांपैकी एक पुढे आणि एक मागे घासत जावी तसं आडवं सरकणं असतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी आलेला ६.३ चा भूकंप असाच होता. चिपळूणकडे पाठ आणि कराडकडे तोंड करून उभे राहा, फॉल्टपलीकडची बाजू तुमच्या डावीकडे म्हणजे उत्तरेला सरकली. कोयना खोऱ्यात जमिनीवर तेव्हा भेगा पडल्या त्याही सलग नव्हत्या, छोट्या छोट्या तिरप्या, एक संपली की जरा बाजूला दुसरी सुरू. आडव्या सरकण्याची खूण ती हीच. कॅलिफोर्नियाचा सॅन अँड्रियास याच जातीचा, तिथे १९०६ ला शेताची कुंपणं काही ठिकाणी ५-६ मीटर बाजूला गेली, किनारा मात्र समुद्रात गेला नाही.

आपला फॉल्ट डोळ्यांना सहसा दिसत नाही, कारण वर काळ्या कातळाचे थर आहेत. कोयना भागात खोल बोअर मारून बघितलं तर साधारण सव्वा किलोमीटर कातळ आणि त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइट लागला. भूकंप होतात ते या जुन्या खडकात. ताण तिथे आधीपासूनच होता, १९६२ च्या सुमारास धरणात पाणी साठायला लागलं, पाण्याचं वजन वाढलं आणि फटींतून दाब खोलवर पोचला तशी खडकांची एकमेकांवरची पकड सैल झाली. पुढे वारणेचं धरण भरल्यावर तिकडेही धक्के सुरू झाले. १९६७ नंतर ५ च्या वरचे धक्के वीसेक तरी झालेत, म्हणजे हे थांबलंय असं समजू नका.

धास्ती धरायचीच तर भिंतीची धरा! कोयनानगरला त्या पहाटे माणसं गेली ती घरं अंगावर पडून. नुसते चिरे एकावर एक रचलेली भिंत वरचं वजन छान पेलते, पण आडवा हिसका बसला की कोपरे उघडतात आणि भिंत बाहेर पडते. म्हणून जोत्याला, लिंटेलला (दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला) आणि वाशांखाली असा सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवा. कोपऱ्यात तो कुठेही तुटता कामा नये, सळया वळवून पुढच्या भिंतीत नेल्यात का ते काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः उभं राहून बघा. खिडक्या कोपऱ्यापासून लांब ठेवा. आणि गवंडी म्हणाला की लिंटेल फक्त दारा-खिडक्यांवर टाकू, खर्च वाचेल, तर अजिबात ऐकू नका.