तुमचे प्रश्न : शाळा सुटल्यानंतरचा रोबो गट

आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम चालवणारा बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (बोर्डाच्या सांगण्यावरून मोटरला वीज देणारा भाग), दोन पिवळ्या गिअर मोटर आणि ९ व्होल्टचा चौकोनी सेल वापरून आम्ही रोबो बनवला. टेबलावर उचलून धरला तर चाकं फिरतात. जमिनीवर ठेवला की हिसका देऊन थांबतो, पुन्हा सुरू होतो. बोर्ड बिघडला असेल का? दुसरा घेण्याची ऐपत नाही.

बोर्ड ठीक असण्याचीच शक्यता जास्त आहे. दोष सेलमध्ये आहे. या मोटरी मोकळ्या फिरताना जेमतेम १५० मिलिअँपिअर घेतात, पण जमिनीवर भार घेऊन निघताना किंवा चाक अडलं की एकेक मोटर १ ते दीड अँपिअर मागते. चौकोनी सेलचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे एवढा प्रवाह मागितला की त्याचा व्होल्टेज कोसळतो. मग बोर्ड बंद पडतो, मोटर थांबते, व्होल्टेज सावरतो, बोर्ड पुन्हा सुरू होतो. तुम्हाला दिसतो तो हिसका हाच. नवा बोर्ड घेतलात तरी तेच होईल.

चार्ज करता येणारे एए आकाराचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, ६ सेल एकसरीत, म्हणजे एकामागोमाग एक जोडून. प्रत्येकी १.२ प्रमाणे ७.२ व्होल्ट होतात. एल२९८एन स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो, म्हणजे मोटरला ५ च्या आसपास मिळतात आणि तेवढे पुरतात. चारच सेल असतील तर मोटरला ३ व्होल्टही मिळत नाहीत. तेव्हा टीबी६६१२ ड्रायव्हर घ्या, तो फार कमी खातो.

शक्य असेल तर बोर्डाला वेगळी वीज द्या, यूएसबीतून पॉवर बँकेने. मात्र काही पॉवर बँका एवढा कमी प्रवाह पाहून अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होतात, त्यामुळे आधी तपासून घ्या. बोर्ड यूएसबीवर असताना ड्रायव्हरच्या ५ व्होल्टच्या स्क्रूतून त्याला तार देऊ नका. मात्र सेलचं ऋण टोक, ड्रायव्हरचं ग्राउंड आणि बोर्डाचं ग्राउंड ही तिन्ही एकमेकांना जोडलेली हवीतच. हा जोड द्यायचा राहिला की मोटरी मनाला येईल तशा वागतात आणि मुलं तासभर प्रोग्राममधली चूक शोधत बसतात.

मोटरचा विद्युत गोंगाट दाबायला प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर '१०४' लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. तिथल्या पितळी पट्ट्या नाजूक असतात, तार ओढली गेली की तुटतात. म्हणून तार मोटरच्या अंगालाच झिपटायने बांधून टाका.

आणखी एक गोष्ट, न विचारता सांगतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले लिथियम सेल कुणी देऊ केले तर घेऊ नका. सुट्या सेलला संरक्षक सर्किट नसतं. एक तार चुकून टेकली तरी आग लागू शकते. मुलांच्या हातात ते नकोतच.

दान मिळालेल्या संगणकावर बोर्डाचा पोर्टच दिसत नाही.

आधी केबल बदला. मोबाइलच्या पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. तरी दिसला नाही तर बोर्डावरची यूएसबीची चिप पाहा. ती सीएच३४० असेल तर संगणकावर तिचा ड्रायव्हर (मोटरचा नव्हे, हे सॉफ्टवेअर) लागतो. शाळेत इंटरनेट नसेल तर तो पेनड्राइव्हवर आणून ठेवा. पोर्ट दिसतोय पण प्रोग्राम चढत नाही, असं असेल तर ० आणि १ क्रमांकाच्या पिनांना लावलेल्या तारा काढून बघा.

मुलं २०, रोबो १, संगणक २, वेळ दीड तास. चार मुलं काम करतात, बाकीची बघत बसतात.

पाच-पाचचे चार गट करा आणि २०-२० मिनिटांच्या चार जागा ठरवा : रोबो काळ्या पट्टीवर चालवणं, संगणकावर प्रोग्राम वाचून 'आता चाक कुठे वळेल' ते वहीत आधी लिहिणं, पुठ्ठ्याचा सांगाडा आणि चाकांची मापं, मल्टीमीटरने सेल आणि तारा तपासणं. उरलेली १० मिनिटं आवराआवरीची. सुटे भाग मोजून डब्यात, सेल चार्जिंगला, आज काय बदललं ते वहीत. ही १० मिनिटं कधीही खाऊ देऊ नका. ती गेली की पुढच्या वेळचा अर्धा तास हरवलेली तार शोधण्यात जातो.

गटातही कीबोर्डावर कोण आणि सोल्डरिंगला कोण, याचा तक्ता भिंतीवर लावा. तक्ता नसेल तर हात जलद असलेलं मूल सगळं ओढून घेतं आणि नोंदवही दरवेळी मुलींकडेच जाते. हे आपोआप सुधारत नाही.

काळ्या पट्टीवर रोबो वर्गात नीट चालतो, सभागृहात भरकटतो. शिवाय चालतानाही नागमोडी जातो.

भरकटण्याचं कारण प्रकाश. टीसीआरटी५००० सेन्सर अवरक्त प्रकाशावर चालतो आणि उन्हात तो भरपूर असतो. सेन्सर जमिनीपासून ३ ते ५ मिलिमीटरवर आणा आणि भोवती काळ्या कागदाची झालर लावा. सेन्सरची संवेदनशीलता ठरवणारा निळा स्क्रू पिळत बसण्यापेक्षा त्याची अॅनालॉग पिन वापरा, ती नुसतं हो-नाही न देता आकडा देते. स्पर्धेच्या जागी पोचल्यावर पांढऱ्यावरचा आणि काळ्यावरचा आकडा घ्या. पट्टीला चकाकी नको, चकचकीत काळा रंग अवरक्त प्रकाश परतवतो.

नागमोडी चाल येते ती 'दिसलं की पूर्ण वळ' अशा प्रोग्राममुळे. दोन सेन्सरमधलं अंतर पट्टीच्या रुंदीएवढं ठेवा, म्हणजे प्रत्येकाखाली पट्टीची कड अर्धी येईल. डाव्या आकड्यातून उजवा वजा करा आणि ०.१ ने गुणा. फरक ४०० आला तर ४०. मूळ वेग (प्रोग्राममधल्या ० ते २५५ च्या मापात) १२० असेल तर डावं चाक ८०, उजवं १६०. रोबो पट्टीपासून दूर पळू लागला तर चिन्ह उलटं करा. अजून डुलत असेल तर ०.१ चं ०.०६ करा, वळणावर सुटत असेल तर आधी वेग कमी करा. ७० च्या आसपास मोटर जागची हलेनाशी होते, तेव्हा फार खाली जाऊ नका. आणि एका वेळी एकच आकडा बदला, तोही वहीत लिहून.