दहावीनंतर सर्व्हेअर व्हायचंय, पण या लाइनमध्ये ओळखीचं कुणीच नाही. सुरुवात कुठून करू?

आधी कागदाचं. आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड दोन वर्षांचा, दहावीवर प्रवेश. तो किंवा सिव्हिलचा डिप्लोमा असला की भूमी अभिलेख खात्याच्या भूकरमापक (म्हणजे सरकारी जमीन मोजणारा) भरतीला बसता येतं. टायपिंगचं सर्टिफिकेटही लागतं. एवढं कुणीही सांगेल. रानात उभं करून शिकवणारा माणूस मिळणं, तिथं खरं घोडं अडतं.

मी विट्याचा. आमच्याकडं एक निवृत्त भूकरमापक होते, सगळे त्यांना आबा म्हणायचो. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या कालव्यांमुळं खानापूर-आटपाडीकडं लेव्हलिंगची, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची, कामं निघाली. काम घेणारे स्टाफ (आकडे लिहिलेली उभी मोजपट्टी) धरायला पोरं मागायला आबांकडं यायचे. आबा पोरं द्यायचे, पण अट घालून: संध्याकाळी फील्ड बुक, म्हणजे दिवसभराच्या मापांची वही, पोराच्या हातात द्यायचं. नुसता स्टाफ धरणारा जन्मभर खलाशीच (मोजणीतला मदतनीसच) राहतो, हे त्यांनी नोकरीत पाहिलेलं. मग त्यांच्या ओट्यावर बॅकसाइटची (यंत्र मांडल्यावरच्या पहिल्या वाचनांची) बेरीज, फोरसाइटची (यंत्र हलवण्याआधीच्या शेवटच्या वाचनांची) बेरीज. दोन्हींतला फरक पहिल्या आणि शेवटच्या आरएलच्या (ठरलेल्या पातळीपासूनच्या उंचीच्या) फरकाशी जुळेपर्यंत जेवायला उठायचं नाही.

जुनं टिपण, म्हणजे पूर्वीच्या मोजणीची मापं लिहिलेला कच्चा नकाशा, वाचायलाही तिथंच शिकलो. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. आता रोव्हरनं (उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्रानं) पॉइंट पटकन मिळतो, पण ज्याला टिपण कळत नाही त्यानं बांधाच्या भांडणात पडूच नये. आणि मोजणीच्या दिवशी चहा कुणाकडंच नाही, हा आबांचा कायदा. एका भावाकडं कप उचलला की दुसरा सही करत नाही. (खरंच करत नाही.)

कडेगावची एक मुलगीही शिकायला यायची. "उन्हातान्हात पोरीला कशाला?" असं घरचे म्हणाले, तेव्हा आबा स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसले. आज ती भूकरमापक आहे.

तर तुम्ही तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाबाहेर चौकशी करा. निवृत्त माणसं आणि खाजगी सर्व्हेअर तिथं येऊन-जाऊन असतात. पगाराआधी फील्ड बुक लिहायला देणार का, ते विचारा. जायचं तर ऊस तुटून गेल्यावर, फेब्रुवारी-मार्चनंतर. रानं मोकळी होतात, मोजण्यांची गर्दी उसळते आणि माणसं कमी पडतात. तेव्हा नवख्यालाही कुणी सहसा परत पाठवत नाही.