सीझनच्या सुरुवातीला डोंगरातल्या छोट्या ओढ्यात ट्राऊट का लागत नाही? कुठली फ्लाय वापरू?

तुम्ही लिहिलंय की सीझन उघडल्यापासून तीनदा ओढ्यावर गेलात, तिन्ही वेळा उजाडायच्या आत पोचलात, बॉक्समधल्या जवळजवळ सगळ्या फ्लाय (पिसं-दोऱ्यांनी गळावर बांधलेले खोटे किडे) बांधून बघितल्या आणि एकही ट्राऊट (गार वाहत्या पाण्यातला मासा) लागला नाही, तर आता कुठली फ्लाय घेऊ. माझं उत्तर असं की फ्लायचा विचार जरा बाजूला ठेवा, एक साधा थर्मामीटर खिशात टाका आणि सकाळी निवांत निघा.

मीसुद्धा पहिली दोन वर्षं हेच करत होतो. मासेमारी म्हणजे पहाट हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं ना, आणि ऐन उन्हाळ्यात ते खरंही आहे, पण सीझनच्या सुरुवातीला, हिवाळा नुकता सरत असताना, पहाट म्हणजे पाणी सगळ्यात गार असायची वेळ. ट्राऊटचं अंग पाण्याइतकंच गार असतं. ४ अंश सेल्सियसच्या आसपास ब्राऊन ट्राऊट या जातीची वाढ जवळजवळ थांबलेली असते, खाल्लेलं पचायलाच इतका वेळ लागतो की त्याला नवीन काही खायची गरजच नसते, वाढ सगळ्यात चांगली होते ती साधारण १३ अंशांना, आणि २० च्या वर गेलं की माशाला त्रास व्हायला लागतो, तेव्हा आपणच रॉड गुंडाळून घरी यायचं. म्हणजे तुम्ही पहाटे पाण्यात जे काही टाकलंत ते माशाने बघितलं असेलही, पण त्यासाठी हलायला तो तयार नव्हता.

माझा ठोकताळा सांगतो. ५ च्या खाली असेल तर मी नुसता बसून पाणी बघतो, ७ च्या पुढे गेलं की कामाला लागतो. पण आकड्यापेक्षाही पारा कुठल्या दिशेने चाललाय ते महत्त्वाचं, ५ वरून ७ वर चढणारं पाणी मला ९ वरून ७ वर उतरणाऱ्या पाण्यापेक्षा कधीही चालेल. मोजताना वाहत्या पाण्यात, सावलीत, मिनिटभर बुडवून ठेवा, काठावरच्या उथळ उन्हातल्या डबक्यात मोजलं तर आकडा फसवा येतो.

आता यात एक गोम आहे. वर डोंगरात अजून बर्फ असेल तर ऊन तापलं की ते वितळतं आणि ते गार पाणी काही तासांनी खाली तुमच्यापर्यंत येतं. म्हणजे दुपार कलली की पाणी चढतं, किंचित गढुळतं आणि पारा परत खाली. त्यामुळे अशा ओढ्यावर खरी वेळ साधारण ११ ते ३, तेवढीच. आणि पाणी चढत असताना पलीकडच्या काठावर अडकू नका, सकाळी गुडघाभर असलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत आलेला मी पाहिलाय, इतक्या गार पाण्यात पाय घसरला तर हातपाय फार लवकर बधिर होतात. एकटे असाल तर हातात काठी हवीच.

कुठे टाकायचं? उन्हाळ्यात मासा खळखळत्या उथळ पाण्यात उभा असतो ते विसरा. आत्ता तो ताकद वाचवत असतो, म्हणून डोहात, मोठ्या धोंड्याच्या मागच्या संथ पाण्यात, काठाखाली पोखरलेल्या कपारीत, आणि धावतं पाणी नि संथ पाणी जिथे एकमेकाला लागून वाहतं तिथे एक रेघ दिसते बघा, त्या रेघेच्या संथ बाजूला. सकाळचं ऊन ज्या पट्ट्यावर आधी पडतं तिथून सुरुवात करा. आणि काठातून एखादा झरा ओढ्याला मिळत असेल तर ती जागा सोडू नका, जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, त्यामुळे ओढा गार असताना तिथे दोन-तीन अंश जास्त मिळू शकतात आणि माशांना ते बरोबर कळतं. अर्ध्या दिवसात दहा जागा करण्यापेक्षा तीन जागा नीट करा. आणि खालून वर जा, ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, मागून वाकून गेलात आणि सावली पाण्यावर पडू दिली नाहीत तर पाच-सहा मीटरपर्यंत जाता येतं.

फ्लायचं विचारलंत तर थोडक्यात सांगतो. ओढ्यातला एक दगड हळूच उचलून उलटा करा. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसता ओला काळपट दगड, मग दोन-चार सेकंदांनी तो हलायला लागतो. चपटे, दगडाला चिकटून आडवे सरकणारे मेफ्लाय या किड्याचे निम्फ, म्हणजे पंख फुटायच्या आधीची पाण्यातली पिल्लं, दोन शेपट्यांचे स्टोनफ्लायचे निम्फ, आणि बारीक खडे चिकटवून केलेल्या नळीत बसलेल्या कॅडिस किड्याच्या अळ्या. हाच माशाचा आत्ताचा स्वयंपाक, आणि तो सगळा तळाशी आहे. बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवा. म्हणून मी या दिवसांत दहातल्या नऊ वेळा निम्फसारखी दिसणारी फ्लायच बांधतो, १४ किंवा १६ नंबरच्या बारक्या गळावरची, मणी लावलेली फेझंट टेल. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची देखभाल करणारे फ्रँक सॉयर यांनी ती काढली, त्यांनी दोऱ्याऐवजी तांब्याची तार वापरली, त्यामुळे ती पटकन बुडते, आणि त्यांच्या मूळ फ्लायला मणी नव्हता, तो नंतरच्या लोकांनी लावला. ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) अगदी टाकून देऊ नका, ढगाळ दुपारी बारके करडे मेफ्लाय पाण्यावर यायला लागले आणि डोहात एक-दोन वर्तुळं उठली तर बदला, पण वर्तुळं दिसल्याशिवाय नाही.

खरं कौशल्य फ्लाय तळाशी आणि पाण्याच्याच वेगाने नेण्यात आहे. तळाशी प्रवाह वरच्यापेक्षा हळू असतो आणि दोरी वरच्या पाण्यात पडली की ती फ्लायला ओढत नेते, गार पाण्यातला ट्राऊट त्या पळणाऱ्या गोष्टीच्या मागे जात नाही. म्हणून लांब कास्ट (फेक) नको. सात फुटी, ३ वेटचा (हलक्या दोरीचा) रॉड असेल तर रॉडाच्या लांबीपेक्षा थोडीच जास्त दोरी बाहेर काढा, टोक उंच धरा, दोरी जवळजवळ सगळी पाण्याबाहेर ठेवा. जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवरची तेन्कारा पद्धत हेच करते, रीलच नसते, लांब रॉडाच्या टोकाला ठरावीक लांबीची दोरी. अधूनमधून तळाला अडकायला हवं, अजिबात अडकत नसेल तर तुम्ही वर आहात.

आणि चावा. इथेच बहुतेकांचा मासा जातो, जोरदार ओढ लागेल म्हणून वाट बघत बसतात. माझा त्या दिवसांतला पहिला मासा मला नीट आठवतो, कंबरभर डोह, पाणी ७ अंश, एकाच धोंड्यामागे मी पंधरा-सोळा वेळा तीच फ्लाय सोडली होती. सतराव्यांदा दोरी पाण्याबरोबर येत होती आणि मध्येच थांबली, थांबली म्हणजे एवढीच, पान काडीला अडकावं तशी. मला वाटलं तळ लागला, म्हणून मनगट जरासं उचललं आणि तो तळ हलला. वीतभर ब्राऊन ट्राऊट, पोट पिवळं, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. हात आधी पाण्यात ओले केले, बिनकाट्याचा (टोकाजवळ उलटा काटा नसलेला) गळ होता तो चिमटीने सुटला, पाण्याबाहेर काढलाच नाही. हवा गोठवणारी असेल तर तसंही काढू नये, कल्ल्यांना इजा होते. तेव्हापासून दोरी कुठल्याही कारणाने थांबली की मी उचलतो.

शेवटची गोष्ट, ही तुम्ही विचारली नव्हती पण मला फार महत्त्वाची वाटते. ब्राऊन ट्राऊट शरद ऋतूत खडीत अंडी घालतो. पाणी सरासरी ५ अंश असेल तर अंडं फुटायला ऐंशी-पंच्याऐंशी दिवस लागतात आणि फुटल्यावरही पिल्लं पोटाला पिवळा बलक घेऊन कित्येक आठवडे त्याच खडीत राहतात, म्हणजे तुम्ही जाताय तेव्हा ती अजून खाली असू शकतात. रेनबो ट्राऊट ही दुसरी जात असेल तर ती वसंतातच अंडी घालते. मोंटानातला १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात दिवसातून दोनदा खडीवरून चालल्यावर अंडी आणि पिल्लं मिळून ९६ टक्क्यांपर्यंत मेली होती. जागा ओळखायला सोपी आहे, डोहाच्या खालच्या टोकाला, जिथे पाणी परत उथळ व्हायला लागतं तिथे, सुपारीपासून लिंबाएवढ्या खडीचा एक स्वच्छ फिकट पट्टा दिसतो, आजूबाजूचे दगड शेवाळाने काळपट आणि हा मात्र घासल्यासारखा, वरच्या बाजूला खळगा आणि त्याच्या खाली उंचवटा. काही आठवड्यांनी त्यावरही शेवाळ चढतं, त्यामुळे दिसला नाही म्हणजे नाहीच असं समजू नका. मी आता डोहांच्या शेपटात पायच टाकत नाही, ओलांडायचंच असेल तर मोठ्या धोंड्यांवरून जातो, नाहीतर काठाने झुडपांतून वाट काढत वर जातो आणि तिथूनच गुडघ्यावर बसून टाकतो.