दोनशे मिनिटं, बारा जणी

वाचक विचारतात

डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. २०२४ साली केटलिन क्लार्क इंडियाना फीव्हर संघात आली आणि आपल्याकडेही पहाटे उठून सामने बघणारे वाढले. यावेळची बरीच पत्रं एकाच मुद्द्याभोवती फिरतात: नव्या खेळाडूला खेळायला का मिळत नाही. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. नियम आणि आकडे २०२४च्या हंगामाचे आहेत.

स.न.वि.वि. आम्ही डॅलसला राहतो. माझी मुलगी कॉलेज बास्केटबॉलची वेडी आहे. तिथे सामन्यामागे वीस गुण करणारी खेळाडू डब्ल्यूएनबीएत गेली की बेंचवर बसून टाळ्या वाजवताना दिसते. निवडायचं आणि खेळवायचं नाही, हा काय प्रकार?
— एक वाचक, डॅलस

आधी हिशेब मांडू. सामना ४० मिनिटांचा आणि मैदानावर एका वेळी पाच जणी. म्हणजे प्रशिक्षकाला वाटायला २०० मिनिटं मिळतात, एकही जास्त नाही. सुरुवातीच्या पाच जणींनी सरासरी ३१ मिनिटं खेळायची म्हटलं की १५५ संपली. उरली ४५. सहावी खेळाडू २० घेते, सातवी १५, आठवी १०. संपलं. बारा जणींच्या संघात नववीपासून पुढे कुणाच्या वाट्याला काही यायचं तर कुणीतरी जखमी व्हायला हवं, फाउलच्या अडचणीत सापडायला हवं किंवा सामना एकतर्फी व्हायला हवा. नवखी खेळाडू बहुधा या नऊ ते बारातच असते.

त्यात वेळापत्रक अंगावर येणारं. २०२४ साली कॉलेज स्पर्धेची अंतिम लढत ७ एप्रिलला झाली, ड्राफ्ट (संघ पाळीपाळीनं नव्या खेळाडू निवडतात तो दिवस) १५ एप्रिलला, सरावशिबिर २८ एप्रिलला सुरू झालं आणि लीगचा पहिला सामना १४ मे रोजी. शिबिर ते सामना, मध्ये जेमतेम सोळा दिवस. समोर अठ्ठावीस-तीस वर्षांच्या, सहा-सात हंगाम खेळलेल्या बायका. शिबिरात नवी खेळाडू चाली पाठ करत असते, तर जुन्या खेळाडूंना त्या चाली मोडायच्या कशा हेही ठाऊक असतं.

केटलिन क्लार्कला मात्र पहिल्याच हंगामात सामन्यामागे सरासरी ३५ मिनिटं कशी मिळाली, असं तुमची मुलगी विचारेलच. फीव्हर आदल्या वर्षी ४० पैकी १३ सामने जिंकलेला संघ होता आणि सगळी आखणी तिच्याभोवतीच केलेली होती. पहिल्याच सामन्यात तिनं १० वेळा चेंडू गमावला, तरी तिला बसवण्याचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या फेरीत निवडलेल्या मुलीनं तेच दोनदा केलं तरी ती बाहेर येते. हा अन्याय वाटतो खरा, पण दोघींवर संघानं लावलेली किंमतच वेगळी आहे.

पाच मिनिटं मिळाली तर त्यात धडाधड गुण करून दाखवायला नकोत का? प्रशिक्षकाचं लक्ष दुसरं कशानं वेधणार?
— एक वाचक, कोल्हापूर

नेमकी हीच समजूत नव्या मुलींना बुडवते. गुण करायला संघात तीन-चार जणी आधीच आहेत. त्या दम घेत असताना आघाडी घटू नये, एवढ्यासाठीच नवखीला उतरवतात. प्रशिक्षक बघतो ती गळती कुठे होते ते, आणि गळती बहुतेक वेळा डिफेन्समध्ये होते.

उंच सेंटरचं, म्हणजे बास्केटजवळ खेळणारीचं उदाहरण घ्या. कॉलेजमध्ये झोन डिफेन्स (खेळाडूऐवजी जागा राखणं) चालतो, त्यामुळे ती चार वर्षं बास्केटखाली ठाण मांडून फटके अडवत आलेली असते. डब्ल्यूएनबीएत २०१३पासून डिफेन्सिव्ह तीन सेकंदांचा नियम आहे. बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात राहायचं तर हाताच्या अंतरावरच्या प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष अडवत असायला हवं. नसेल तर तीन सेकंदांच्या आत बाहेर पडावं लागतं. नाहीतर समोरच्यांना एक फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांच्याकडेच. म्हणजे तिला मनातल्या मनात मोजत एक पाय बाहेर काढायचा, पुन्हा आत यायचं आणि त्याच वेळी आपल्या वाट्याची प्रतिस्पर्धीही डोळ्यांसमोर ठेवायची. ही सवय लागायला महिने जातात. सवय लागेपर्यंत एकतर शिट्टी वाजते किंवा ती उशिरा पोचते.

गार्डची, म्हणजे बास्केटपासून लांब खेळणारीची परीक्षा स्क्रीनवर होते. प्रतिस्पर्धी सेंटर येऊन तिच्या वाटेत उभी राहते आणि चेंडूवाली खेळाडू त्या सेंटरच्या खांद्याला घासून निघते. आता स्क्रीनच्या वरून जायचं, खालून जायचं की आपल्या सेंटरशी खेळाडू बदलून घ्यायची? समोरची लांबून नेम साधणारी असेल तर वरूनच जावं लागतं, कारण खालून गेलात की ती तिथेच थांबून तीन गुण करते. लांबून न मारणारी असेल तर खालून जाणं शहाणपणाचं. हा निर्णय प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी आदल्या दिवशीच्या व्हिडिओ बैठकीत ठरलेला असतो आणि मैदानावर तो अर्ध्या सेकंदात आठवावा लागतो. मागून सेंटर ओरडून सांगत असते. तिचं ऐकायचं आणि आपणही मोठ्यानं बोलायचं. गप्प राहणारी नवखी प्रशिक्षकाला लगेच खटकते.

मैदानात पाऊल टाकण्याआधी पाच गोष्टी तोंडपाठ हव्यात: गुणफलक, शॉटक्लॉक (फटका मारायला उरलेले सेकंद), मी कुणाला अडवायचं, चालू असलेली चाल आणि क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चालू चौथ्या हिश्श्यात) आपल्या संघाचे फाउल किती. शेवटची गोष्ट सर्वात जास्त विसरली जाते. संघाचे चार झालेले असतील तर पाचव्या फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. बास्केटपासून साठ फुटांवर उत्साहानं मारलेली झडप, आणि फुकटचे दोन गुण गेले. डब्ल्यूएनबीएत खेळाडूला सहा फाउलची मुभा आहे, कॉलेजमध्ये पाचांची. पण पाच मिनिटांत तीन करणारीला सहाव्यापर्यंत कुणी ठेवत नाही.

आक्रमणात तिचं काम सोपं आणि कंटाळवाणं असतं: कोपऱ्यात उभं राहायचं, गुडघे वाकलेले, हात तयार. चेंडू आला आणि समोर कुणी नाही तर लगेच मारायचा. कुणी धावत आली तर एक ड्रिबल आणि पास. तिथून तीनात एक थ्री-पॉइंटर बसला तरी फटक्यामागे सरासरी एक गुण होतो, म्हणजे आतून निम्मे फटके बसवण्याइतकंच झालं. पण उशीर केला की संपलं. कॉलेजमधलं शॉटक्लॉक ३० सेकंदांचं, इथलं २४चं. ते सहा सेकंद विचार करण्यासाठी होते असं समजा, आणि इथे ते नाहीत.

सामन्याच्या गुणतक्त्यात नावापुढे ‘डीएनपी’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?
— एक वाचक, सांगली

खेळली नाही. पुढे ‘सीडी’ असेल तर दुखापत नाही, प्रशिक्षकाचा निर्णय. एखाद्या सामन्यात असेल तर मनावर घेऊ नये. सलग आठ-दहा सामन्यांत दिसलं की खेळाडूच्या एजंटचे फोन सुरू झालेले असतात.

नवख्या खेळाडूनं बलाढ्य संघात जावं की दुबळ्या?
— एक वाचक, पणजी

जाणं तिच्या हातात नसतं, ड्राफ्ट ठरवतो. पण फरक पडतो. केट मार्टिनला २०२४ साली लास वेगस एसेसनं १८व्या क्रमांकावर घेतलं. तेव्हा तो संघ सलग दोन वर्षांचा विजेता होता. एजा विल्सन, केल्सी प्लम, जॅकी यंग तिघीही तीस मिनिटांवर खेळणाऱ्या. चेल्सी ग्रे दुखापतीमुळे सुरुवातीला बाहेर होती, तेवढी फट मिळाली. जूनमध्ये ग्रे परतली आणि फट अरुंद झाली. मार्टिनची त्या हंगामाची सरासरी साडेअकरा मिनिटांची राहिली. डिसेंबरमध्ये गोल्डन स्टेट व्हॅल्करीज या नव्या संघानं तिला उचललं आणि २०२५मध्ये तिची मिनिटंही वाढली आणि गुणही. बलाढ्य संघात ती शिकली हे खरं, पण नवा संघ निघाला नसता तर काय, हा प्रश्न उरतोच.

आम्हाला विचाराल तर लिओनी फीबिखची वाट जास्त भरवशाची. या जर्मन खेळाडूची निवड २०२० साली झाली, पण अमेरिकेत येऊन बेंच धरण्याऐवजी ती बाहेर भरपूर खेळली, स्पेनमध्ये तर लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०२४ साली न्यूयॉर्क लिबर्टीत आली ती कागदोपत्री नवखी, पण तयार खेळाडू. बाद फेरीत तिला सुरुवातीच्या पाचात घेतलं आणि लिबर्टीनं विजेतेपद मिळवलं.

ड्राफ्टमध्ये निवडलेल्या मुलीला मे महिन्यातच काढून टाकलं असं वाचलं. मग करार कशाला असतो?
— एक वाचक, नागपूर

निवड म्हणजे नोकरी नव्हे. २०२४ साली ३६ जणी निवडल्या गेल्या, तर १२ संघांत मिळून जास्तीत जास्त १४४ जागा होत्या आणि त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या. शिवाय संघाच्या एकूण पगाराची मर्यादा कडक असल्यानं काही संघ बाराऐवजी अकरा जणींवरच भागवतात. नवखीचा करार सहसा हमीचा नसतो. शिबिरातच तिला मोकळं करता येतं. तिचा पगार जुन्या खेळाडूपेक्षा कमी (२०२४ साली दुसऱ्या फेरीतल्या मुलीला पहिल्या वर्षी ६७,२४९ डॉलर), आणि कधीकधी तेवढ्यामुळेच जागा टिकते. पहिल्या क्रमांकावर निवड झाली म्हणूनही कायमचं काही मिळत नाही. २०२१ची अव्वल निवड चार्ली कोलियर हिला डॅलसच्या संघानं २०२३च्या हंगामाआधी सोडलं.

काढल्यानंतर तीन वाटा उरतात. एक, संघात खेळण्याजोग्या दहापेक्षा कमी उरल्या की ‘हार्डशिप’ करार निघतो. जखमी खेळाडू परतली की तो संपतो. दोन, हंगामाच्या उत्तरार्धात सात दिवसांचे करार. तीन, परदेश: तुर्कस्तान, स्पेन, ऑस्ट्रेलिया. फोन कधीही येईल, म्हणून तंदुरुस्ती आणि पासपोर्ट दोन्ही तयार हवेत. परदेशी मुलींचा कागदपत्रांनीही घात होतो. क्रोएशियाची निका म्यूल सिएटलच्या संघात निवडली गेली, पण विद्यार्थी व्हिसावरून खेळाडूच्या व्हिसावर जाईपर्यंत तिचे सुरुवातीचे सामने बुडाले. नवखीसाठी पहिले दोन आठवडे हातचे जाणं फार महाग पडतं.

ड्राफ्टमध्ये नाव न येणं मात्र शेवट नाही. बेकी हॅमनला १९९९ साली कुणी निवडलं नव्हतं. लिबर्टीनं करार दिला आणि ती लीगची मोठी खेळाडू झाली. मार्टिनची एसेसमधली प्रशिक्षक तीच.

माझी भाची पुण्यात खेळते, १६ वर्षांची आहे, उंची ५ फूट ९ इंच. तिला डब्ल्यूएनबीएचं वेड लागलंय. खरं सांगा, शक्यता आहे का?
— एक वाचक, पुणे

आजवरचा दाखला गीतू अ‍ॅना जोसचा. सहा फुटांवरची, भारताची कर्णधार, ऑस्ट्रेलियात खेळून आलेली. २०११ साली तिला शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनिओ या तीन संघांनी चाचणीला बोलावलं. करार झाला नाही. तेव्हा भाचीला डब्ल्यूएनबीएचं नाही, अमेरिकी कॉलेजचं लक्ष्य द्या. शिष्यवृत्ती मिळाली तर पदवी तरी पदरात पडते. नववीपासूनच्या गुणपत्रिका जपा, त्या पात्रतेसाठी लागतात. कॉलेजला न जाता थेट ड्राफ्टमध्ये येणाऱ्या परदेशी मुलीला त्या वर्षात वीस पूर्ण होणं आवश्यक असतं, पण त्या वाटेनं युरोपच्या वरच्या लीगमधल्या मुली येतात.

५ फूट ९ इंच म्हणजे तिथे गार्ड. पुण्यात ती सेंटर खेळत असेल तर आजच जागा बदला. डाव्या हातानं ड्रिबल आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून फटका, यांवर दोन वर्षं घाला. मुलांसोबत सराव मिळत असेल तर जरूर करू द्या, डब्ल्यूएनबीएचे संघही सरावाला पुरुष खेळाडू बोलावतात. आणि कॉलेजच्या प्रशिक्षकांना पाठवायला फक्त निवडक झलकांची फीत करू नका. सोबत दोन-तीन पूर्ण, न कापलेले सामने जोडा, त्यातला एखादा हरलेला असला तर उत्तम. चेंडू हातात नसताना ती काय करते, हे त्यांना त्यातच दिसतं.